पेशीगणनेची वाटचाल : परळ ते ठाणे–बेलापूर पट्टा

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, आगरी-कोळी गावांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्याची ओळख आरंभी रसायनांच्या व यंत्रांच्या कारखान्यांमुळे होती. १९७० मध्ये सिडको हे नगरविकास महामंडळ स्थापन झाल्यावर ऐरोलीसारखे नियोजित विभाग त्याच्या कडेने वसले, आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या थायरोकेअर या रक्ततपासणी कंपनीने पुढे तुर्भे येथे मध्यवर्ती प्रयोगशाळा उभारली, तेव्हा या पट्ट्यात रक्ततपासणीलाही कारखान्याचे रूप आले. नमुना वस्तीतील केंद्रात घ्यायचा आणि तपासायचा मात्र दूरच्या यंत्रावर, ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे की पेशी मोजणे हे एके काळी डोळ्यांचे व हाताचे काम होते, याचा विसर पडतो.

रेघा आखलेल्या काचेवर पातळ केलेले रक्त ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या जात. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, ते बारीक छिद्रातून जाणाऱ्या प्रत्येक पेशीमुळे विद्युत्प्रवाहात पडणारा फरक टिपून हेच काम करू लागले. कर्करोगाच्या बाबतीत मात्र रक्तगणनेला बराच काळ दुय्यम स्थान होते. परळला १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा, म्हणजे रोगाने पेशीजालात होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाचा, जो पाया घातला, त्यात निर्णायक शब्द गाठीच्या तुकड्याचा होता.

अंडाशयाचा कर्करोग पोटात खोलवर वाढतो, पोट फुगणे किंवा भूक मंदावणे अशी मोघम लक्षणे देतो आणि म्हणून बहुधा उशिरा सापडतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट बास्ट यांच्या संशोधनातून सीए-१२५ ही खास रक्तचाचणी आली. पण शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांचीच होणारी साधी सीबीसी, म्हणजे संपूर्ण रक्तगणनाही, काही सांगते, हे हळूहळू लक्षात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंडाशयाचा कर्करोग झालेल्या ६१९ स्त्रियांपैकी ३१ टक्के स्त्रियांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, निदानाच्या वेळी वाढलेल्या आढळल्या, आणि त्यांचे आयुर्मान इतरांहून कमी होते. गाठीतून सुटणारे इंटरल्युकिन-६ हे द्रव्य यकृताला चेतवते, यकृत थ्रोम्बोपोएटिन निर्माण करते आणि त्याने अस्थिमज्जा अधिक प्लेटलेट घडवते, अशी ही साखळी आहे. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, तसेच रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची घट, यांकडेही याच दृष्टीने पाहिले जाते.

हे ठोकताळे परदेशी रुग्णालयांतून जसेच्या तसे ऐरोलीत आणणे मात्र धोक्याचे ठरेल. लोहाच्या कमतरतेनेही प्लेटलेट वाढतात, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंडाशयाचा कर्करोग बहुधा याहून मोठ्या वयात होत असला, तरी त्या वयातही रक्तक्षय दुर्मीळ नाही. न्यूट्रोफिल तर साध्या जंतुसंसर्गानेही चढतात, आणि केमोथेरपीसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेही. म्हणून उपचारांपूर्वीचा आकडा आणि त्याच स्त्रीचे जुने अहवाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. मोजणी यंत्राकडे गेली, तरी हे वाचन अद्याप डॉक्टरांकडेच आहे.