आपल्या ताटातील ज्वारी : तेरखेडा परिसरातील आहाराचा वृत्तान्त

ज्ञातीच्या स्मरणिकेत कुलवृत्तान्त, देवस्थाने व वंशावळी यांची माहिती येते, आणि ती यावीच. परंतु ज्या चुलीवर ही सारी कुळे पोसली गेली तिचा वृत्तान्त सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. आपली अनेक कुटुंबे आता पुण्या-मुंबईस स्थायिक झाली आहेत. त्यांतील मुलांस गावाकडचे जेवण कोणते असे विचारले, तर 'पिठले-भाकरी' एवढेच उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण त्यातून एक गोष्ट गळून गेली आहे, आणि ती आपण वडीलधाऱ्यांनीच गाळली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ती पुन्हा जागी ठेवावी एवढाच आहे.

तेरखेडा हे गाव वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. बाहेरच्या लोकांस ते शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळे ठाऊक आहे. (जेथे विस्तवास मज्जाव, तेथे जेवण ऊन करण्याचा प्रश्नच येत नाही, फडक्यात बांधून नेलेली शिळी भाकरी तेथे आजही सोयीचीच पडते.) पाऊस बेभरवशाचा, पण काळ्या जमिनीत ओल धरून ठेवण्याचा गुण मोठा. या ओलीवरच भाद्रपद-आश्विनात पेरलेली शाळू थंडीवर पोसते व माघ-फाल्गुनात हाती येते. भाकरीस धान्य आणि बैलास कडबा, अशी दोन्ही पोटे एकाच पिकाने भरत असल्यामुळे ज्वारीस येथे दुसरे पीक तुल्य नव्हते.

ताटातील भाकरी बाराही महिने तीच राही. बदले ते कोरड्यास. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवलेला तांदुळजा, कुर्डू, तरोटा यांच्या भाज्या होत. त्यांस बी लागत नाही आणि पैसाही पडत नाही. मूग-उडीद निघाले की उडीद मिसळलेल्या कळण्याच्या भाकरीचे दिवस येत. थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून बाजरी, हुलग्याचे माडगे, शेंगोळे. शिवाय हरभऱ्याचा कोवळा पाला व करडईची भाजी. उन्हाळ्यात हिरवे काही उरत नसे. तेव्हा सांडगे, कुरडया, पापड, वाळविलेल्या गवारी आणि ताकातली आंबील यांवर घर चाले. लग्नकार्यात येसराची आमटी हवीच, कारण भाजलेल्या धान्याचे ते पीठ आधी करून ठेवता येई आणि ऐन वेळी पंगत कितीही वाढली तरी आमटी पुरविता येई.

वर्षभराच्या या क्रमात सर्वांत भरलेला दिवस म्हणजे मार्गशीर्षातील वेळा अमावास्या, आपल्या बोलीतील 'येळवस'. लातूर जिल्ह्यात व आपल्या जिल्ह्याच्या मोठ्या भागात हा सण घराऐवजी शेतात होतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तीत पांडव व लक्ष्मी यांची पूजा मांडतात. तूर, हरभरा, वाल, पावटा यांचे ओले दाणे व हाताशी असतील त्या भाज्या बेसनाच्या आंबटसर रश्शात शिजवून केलेली भज्जी, वाफविलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातील आंबील हा त्या दिवसाचा स्वयंपाक. त्या समयी शिवारात जे जे हिरवे उभे असते, ते सारे भज्जीत येते. म्हणून ती खरोखर शिवाराची मोजदादच होय. कानडी मुलुखात याच दिवशी 'एळ्ळ अमावास्या' पाळतात. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. भाषेची सीमा ओलांडली तरी शेतकऱ्याची तिथी बदललेली नाही. पुढे दोन-चार आठवड्यांत कणसात दाणा भरला की हुरड्यास आरंभ होतो.

या ताटातील सर्वच पदार्थ अनादि काळापासूनचे आहेत, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे; ती प्राचीन काळी येथे आली आणि येथलीच झाली. मिरची पोर्तुगीजांच्या मार्फत सोळाव्या शतकात आली. भुईमूगही अमेरिका खंडातला. त्याचा मोठा प्रसार एकोणिसाव्या शतकापासूनचा. ज्या शेंगदाण्याच्या चटणीवाचून आपली शिदोरी पुरी होत नाही, ती चटणी आपल्या पणजोबांच्या आजोबांस बहुधा ठाऊकही नसावी. त्यांच्या भाकरीवर कारळ, जवस किंवा तीळ असणार.

आता गळून गेलेल्या गोष्टीकडे वळू. ती गोष्ट म्हणजे कण्या. ज्वारी भरडून, पाण्यात शिजवून, मीठ घालून केलेला हा पदार्थ किती घरांत रात्रीचे एकमेव जेवण होता, हे वृद्धांस विचारावे. पण ते सहजी सांगणार नाहीत. गहू सणाचा, तांदूळ पाहुण्याचा वा आजाऱ्याचा, ज्वारी रोजची आणि कण्या ओढगस्तीच्या, अशी ही उतरंड होती. सालगड्याची मजुरी व बलुतेदाराचे बलुते धान्यातच मिळे. ज्याच्या पेवात ज्वारी, त्याच्या हाती गावाची भूक. ज्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे, त्याच मंगळवेढ्यास पंधराव्या शतकात दामाजीपंतांनी दुष्काळात बहमनी सुलतानाची कोठारे लोकांस खुली केली, अशी परंपरा आहे. ही कथा आपल्या भागात इतकी प्रिय का झाली, हे पेव पाहिलेल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामी राज्यात धान्याची सक्तीची लेव्ही सुरू झाली, तेव्हा पिकविणाऱ्यासही पेवाची चिंता लागली.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, तलाव यांवर आपल्या ज्ञातीतील माणसेही होती; ज्यांनी पूर्वी दुसऱ्यांस धान्य मापून दिले होते, त्यांतील काही त्याच रांगेत उभे राहिले. रेशनवर परदेशी लाल मिलो मिळे व कामावर सुकडी वाटली जाई. आम्हां मुलांस सुकडी फार आवडे. आमची आजी मात्र मिलोची तांबडी भाकरी वाढावयाची झाली की आधी दार लोटून घेई. कोणी विचारले तर शाळूचेच पीठ आहे, असे सांगे. त्या काळी शेजारच्या घरीही दार लोटलेलेच असे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. त्या लोटलेल्या दारांमुळेच कण्या व मिलो आपल्या कुटुंबांच्या आठवणींतून नाहीसे झाले, आणि मागे गोड असे पिठले-भाकरीचे चित्र तेवढे उरले.

त्याच सुमारास संकरित ज्वारीचा प्रसार झाला, सी.एस.एच.-१ हा पहिला वाण १९६४ सालचा. पीक भरघोस आले, पण कणसे उशिराच्या पावसात सापडून दाणे काळे पडत, कडबा आखूड, आणि भाकरी थापताना तुटे, ही बायकांची तक्रार. ज्यांना पिकवावयाची होती त्यांनी ती पिकविली, आणि जमेल तेव्हा शाळू घरात ठेवून 'हायब्रीड' विकली. याला निव्वळ जिभेचा लाड म्हणणे अन्यायाचे होईल. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. ऊन पाणी घालून, मळून, हाताने थापून ती साधावी लागते, आणि पीठ साथ देईना तर दोष बाईच्या हातास लागतो.

आज सारी उतरंडच पालटली आहे. रास्त भावाच्या दुकानात मुख्यतः गहू व तांदूळ मिळतो. खरिपाचे शिवार सोयाबीनने व्यापले आहे. आणि उत्तम शाळू गव्हाहून महाग झाली आहे. सणाची पोळी रोजची झाली, रोजची भाकरी हौसेची झाली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील उपाहारगृहांत आंबीलही मिळू लागली. आमच्या एका नातेवाइकांनी ती पैसे मोजून प्याली व गावी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितली. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या हसल्या. पण त्यांतील एकीने त्या दिवशी प्रथमच आपल्या सासरच्या कण्यांची हकीकत सांगितली.

अशा हकीकती ज्या ज्या घरी असतील, त्या सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीची आहेत. पेव कोठे होते, सालाचे धान्य किती पायली ठरे, १९७२ साली घरात काय शिजले, एवढे तीन प्रश्न त्यांस विचारून उत्तरे मंडळाकडे लिहून पाठवावीत. घराण्याचे नाव छापू नये अशी इच्छा असल्यास तसे कळवावे. ते छापले जाणार नाही.