हवामान करार आणि आपली वीज



"भारत अजून कोळसा का जाळतो?" शाळेतून आलेली मुले असे विचारतात तेव्हा उपयोगी पडावी म्हणून ही थोडक्यात माहिती.

१९९२, रिओ : हवामान बदलाविषयीचा मूळ करार. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे त्याचे तत्त्व.

१९९७, क्योटो : कपातीचे बंधन फक्त विकसित देशांवर. ते विकसनशील देशांतल्या स्वच्छ प्रकल्पांकडून 'कार्बन क्रेडिट' विकत घेऊ शकत. महाराष्ट्रातल्या काही पवनचक्की प्रकल्पांनाही याचा लाभ झाला.

२०१५, पॅरिस : प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतः ठरवतो. चुकल्यास दंड नाही, पण दर पाच वर्षांनी नवे उद्दिष्ट जाहीर करावे लागते.

२०२१, ग्लासगो : भारत व चीनच्या आग्रहामुळे कोळशाचा वापर 'बंद करत जाणे' याऐवजी 'कमी करत जाणे' असे शब्द आले.

ब्रिटनने शेवटचे कोळसा वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद केले. भारताने निम्मी वीजक्षमता जीवाश्म इंधनाविना उभारण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले. मात्र सौर पॅनेल रात्री वीज देत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतांश वीज अजूनही कोळशाचीच आहे. वीज साठवायला बॅटऱ्या हव्यात, म्हणजेच पैसा हवा. २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले. भारताने ही रक्कम अपुरी म्हटली.

तेव्हा मुलांना दोन्ही सांगा: भारत बदलतो आहे, आणि खर्च कोणी किती उचलायचा हा वाद अजून मिटलेला नाही.