मोरीपासून मांडलेले घर

बोरिवलीच्या गोराईत आणि शेजारच्या कांदिवलीतील चारकोपमध्ये एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या एक-दोन मजली घरांना सर्रास ‘रो-हाउस’ म्हटले जाते, आणि त्यामुळे त्यांचा आराखडाही विलायतेतील कामगारवस्त्यांवरून उचललेला असावा असा समज सहज होतो. सामाईक भिंत, म्हणजे दोन शेजाऱ्यांमध्ये एकच असलेली आणि म्हणून जिच्यात खिडकी पाडता येत नाही अशी भिंत, दोन्हीकडे आहे हे खरे. परंतु आतल्या खोल्यांचा क्रम कसा लागला हे पाहू गेल्यास या घराचे कूळ महाराष्ट्रातल्या पेठांमधील लांबट घरात आणि मुंबईच्या चाळीत सापडते, आणि हा क्रम ठरवण्याचा मान दिवाणखान्याकडे नसून मोरीकडे जातो.

पेठेतल्या जुन्या घराची दर्शनी बाजू अरुंद आणि मागे जाणारी लांबी मोठी असे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू ही एकामागून एक येत, आणि उजेड पुढून किंवा मागून येणार असल्यामुळे मधले माजघर अंधारे राही. पाण्याची जागा मागच्या टोकाला, म्हणजे परसातल्या आडापाशी किंवा न्हाणीत असे, आणि शौचकूप त्याहूनही मागे. या अंतरामागे सोवळ्याओवळ्याच्या कल्पना होत्या, तशीच मैला वाहणाऱ्या माणसाने घरात पाऊल न टाकता मागच्या मागे यावे-जावे अशी जातिव्यवस्थेने लावलेली सोयही होती. मुंबईत दोन इमारतींच्या पाठींमधल्या अशा अरुंद वाटेला ‘हाउस गल्ली’ हे नाव पडले. मैला टोपलीत जमा होणारे ते संडास गेले, तरी महापालिकेच्या सफाईच्या कामात ते नाव आजही टिकून आहे.

मुंबईत 1896 च्या प्लेगने या मांडणीला पहिला धक्का दिला. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा न्यासाने, म्हणजे बोलीतल्या ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने, रोगाचे मूळ कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत पाहिले, आणि न्यासाचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी 63.5 अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. भूमितीच्या भाषेत या कोनाचा अर्थ साधा आहे : समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त असू नये. पुढे 1920 च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे ज्या 207 बीडीडी चाळी बांधल्या, त्यांत सुमारे 160 चौरस फुटांच्या एकाच खोलीत संसार मावला, मोरी खोलीच्या आत आली, शौचकूप मात्र मजल्यावर सामाईक राहिले. दादर-माटुंग्याच्या इमारतींत त्याच सुमारास रुळलेल्या ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ने, म्हणजे संडास-न्हाणी घराच्या दाराआड असलेल्या बिऱ्हाडाने, उरलेले अंतरही पुसून टाकले.

गोराई-चारकोपच्या रो-हाउसचा खरा जन्म मात्र 1985 नंतरचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 ते 1994 या काळात राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने चारकोप आणि गोराई येथे तयार घरांच्या जोडीला ‘सेवायुक्त भूखंड’ दिले. सेवायुक्त भूखंड म्हणजे रस्ता, पाणी आणि मलवाहिनी आधी आणून ठेवलेला जमिनीचा तुकडा. त्यावरचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने बांधायचे. सर्वांत लहान भूखंड 25 चौरस मीटरच्या, म्हणजे 269 चौरस फुटांच्या आसपास होते, आणि सुमारे 35 भूखंडांचा गट मधल्या चौकाभोवती बसवून त्याची सहकारी संस्था केली जाई. येथे क्रम उलटा झाला हे लक्षात घेण्याजोगे आहे : भिंती उभ्या राहण्यापूर्वीच मलवाहिनीची जागा ठरलेली होती, आणि पुढचा सारा आराखडा तिला धरून मांडावा लागला.

अशा तुकड्यावर कुटुंब वाढले की दुसरा मजला चढतो आणि जिन्याचा प्रश्न उभा राहतो. उदाहरणादाखल आत 3 मीटर रुंदी मिळाली असे धरावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची एकमेव खोली किमान 9.5 चौरस मीटरची आणि 2.4 मीटर रुंद हवी. 75 सेंटिमीटरचा जिना बाजूच्या भिंतीलगत सरळ नेला, तर त्याच्या शेजारी 2.25 मीटरच उरतात आणि पुढची खोली बोळासारखी होते. तो आडवा टाकावा, तर 2.85 मीटर उंची चढण्यासाठी 19 सेंटिमीटरचे 15 उठाव लागतात, त्यांच्यामधल्या 14 पायऱ्या 25 सेंटिमीटरच्या धरल्यास 3.5 मीटर होतात, आणि तेवढी जागा मुळातच नसते. म्हणून जिना मध्ये मोडून, दोन टप्प्यांत, घराच्या मधोमध आडवा बसतो. कुठे पायऱ्या फारच उभ्या करून किंवा लोखंडी जिना बाहेरून लावून वेळ मारून नेतात, पण म्हाताऱ्यांसाठी तो उपाय वाईट. जिन्याच्या मधल्या चौथऱ्याखाली जेमतेम 1.4 मीटर उंची राहते. तेथे माणूस उभा राहू शकत नाही, परंतु ठरावीक वेळीच नळाला पाणी येणाऱ्या उपनगरात भरून ठेवायचे पिंप आणि गॅसचे जादा सिलिंडर यांना ती जागा पुरते. माजघराचा अंधार असा जिन्याच्या वाट्याला आला, आणि पुढची व मागची, दोन्ही उजेडाच्या बाजू खोल्यांना मिळाल्या. जेथे मागची भिंतही सामाईक असते तेथे मात्र हा हिशेब कोलमडतो. इंग्लंडने पाठीला पाठ लावून घरे बांधण्यास 1909 च्या कायद्याने मनाई केली ती याच कारणासाठी.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, 1980 च्या दशकातच, याच प्रश्नाला उलट उत्तर दिले : घरे चौकाभोवती गटाने बसवली, पण सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे. विचार म्हणून तो अधिक उदार आहे, पण त्याला जमीन जास्त लागते, आणि चारकोपच्या 25 चौरस मीटरच्या हिशेबात तो बसला नसता.

म्हणून रो-हाउस नव्याने मांडणाऱ्याने खोल्या रंगवण्याआधी जमिनीखालचा नळ पाहावा. 4 इंची मलवाहिनीला 40 फुटांत 1 फूट उतार देण्याचा जुना संकेत आहे; त्या मापाने संडास 4 मीटर आत सरकवला, तर नळाचे आतले टोक 10 सेंटिमीटर वर घ्यावे लागते, आणि बाहेरचा चेंबर पुरेसा खोल नसल्यास त्यासोबत घराची फरशीही उचलावी लागते.