पुरुमेंताची कोठी

गोव्याचा इतिहास लिहिताना गलबते, किल्ले, देवळे आणि तह यांची दखल आपण घेतो. स्वयंपाकघरामागच्या काळोख्या कोठीची मात्र घेत नाही. वास्तविक मृगापासून श्रावणापर्यंत या भूमीतील माणूस जगे तो त्या कोठीच्या भरवशावर. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घाटातल्या वाटा निसरड्या झालेल्या. अशा दिवसांत बाजारातून काही आणून रांधण्याचा विचारही संभवत नसे. घरात जे असेल तेच चुलीवर चढावयाचे.

या साठवणीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील ‘प्रोविमेंतु’, म्हणजे तरतूद, या शब्दाचे हे कोकणी रूप. उरलेल्या कोकणात तिलाच आगोटीची बेगमी म्हणत. बेगमी हाही शब्द परकाच, फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ निश्चिंतता. एका भाषेने पुरवठा पाहिला, दुसरीने त्यामागची चिंता ओळखली. मला दुसरीची नजर अधिक खोल वाटते. शब्द परके असले तरी रीत येथलीच, कारण पाऊस कोणत्याही राजवटीपेक्षा जुना आहे. म्हापशाची मिलाग्रीसची जत्रा आणि मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चपाशी भरणारे पुरुमेंताचे फेस्त ही दोन्ही पावसाच्या तोंडाशीच येतात. धर्माच्या पंचांगाने ऋतूच्या पंचांगाशी येथे मुकाट्याने जुळवून घेतले.

वैशाखात अंगणे भरून जात. सुकी सुंगटे व बांगडे, मिठागरातले जाडे मीठ, मीठ लावून गोळे केलेली चिंच, स्वतःच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून वाळविलेली भिंडाची सोले, मिठाच्या पाण्यात बुडविलेली तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळून ठेवीत, म्हणजे त्या वाळून खडखडत नसत. कुळीथ, उकडे तांदूळ, नारळ आणि सरपण हे तर असावयाचेच. यांतून होणारे जेवण दोन ओळींत सांगता येईल: सकाळी पेज आणि तिच्याबरोबर खारे किंवा तोर, दुपारी भात, कुळथाचे पिठले आणि सोलांची कढी, कधी भाजलेल्या सुक्या सुंगटांत खवलेला नारळ, कांदा, मिरची व आंबट घालून कालविलेली किसमूर. ताजी मासळी नसता ताटाला चव आणण्याची सारी जबाबदारी आंबट, खारट आणि तिखट या तिघांवर असे.

यातील तिखटाचे कुळ पाहण्याजोगे आहे. १५१० साली आफोंस द आल्बुकेर्क याने गोवा घेतला तेव्हा येथल्या कोठीत मिरची नव्हती, मिरी होती. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली आणि आपले नावसुद्धा तिने मिरीकडून उसने घेतले. काजू ब्राझीलचा. सोले मात्र सह्याद्रीचीच. म्हणजे ‘आपले जुने साधे जेवण’ म्हणून आपण जे अभिमानाने वाढतो त्यातला निम्मा जुनेपणा चार शतकांहून फारसा मागे जात नाही.

ज्यांनी मिरची आणली त्यांच्याच राज्यात चुलीवर पहाराही बसला. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानात, प्रियोळकरांनी आपल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात दिल्याप्रमाणे, नवख्रिस्त्यांना मनाई केलेल्या हिंदू आचारांत भात अळणी शिजवून मागाहून मीठ घेणे हाही एक आचार आहे. पेजेत मीठ केव्हा पडते यावरून माणसाचा धर्म ओळखावयाचा! घरातल्या घरात दोन जिन्नसांत होणारे रांधणेही सत्तेला निरुपद्रवी वाटले नाही.

दुसरा प्रसंग आपल्या आठवणीच्या टप्प्यातला. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली, आगगाडी थांबली, आणि घाटावरून येणाऱ्या भाजीपाल्याची वाट अडली. पोर्तुगीज सरकारने समुद्रमार्गे बटाटे हॉलंडहून व चहा सिलोनहून आणविला. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती येईपर्यंत हा प्रकार चालला. त्या काळात कोठीची विद्या कोणाला नव्याने शिकावी लागली नाही. पावसाळा दरवर्षी तीन-चार महिन्यांची नाकेबंदी करीतच असे.

परंतु ‘घरात आहे त्यातून’ या शब्दांचा अर्थ घराघरांत सारखा नव्हता. भाटकाराच्या कोठीत निवड करण्याइतके जिन्नस असत. त्याच्या भाटात झोपडी घालून राहणाऱ्या मुंडकाराच्या डोक्यावर माडांची सावली होती, पण त्या माडांवरचे नारळ त्याचे नव्हते. घराखालच्या जमिनीवरून त्याला सहजी हुसकता येऊ नये असा कायदा झाला तो १९७५ साली. साध्या जेवणाचे गुणगान करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. एकाचा साधेपणा ही आवड होती, दुसऱ्याच्या पेजेबरोबर मीठ आणि एखादे तोर याखेरीज दुसरे काही नसे. आणि दोन्ही घरांत श्रावणापर्यंत काय पुरेल याचा हिशेब ठेवणारी बाईच. तो हिशेब कोणत्याही दप्तरात सापडत नाही. दफ्तरखान्यात जमिनीचे, कराचे, देवस्थानांचे कागद आहेत, बरणीच्या तळाशी किती सोले उरली याचा कागद नाही.

आता यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची कायद्यानेच बंदी असते. बर्फातली मासळी परप्रांतातून येते, आणि बेळगावची भाजी भर पावसातही पहाटे उतरते. कोठ्या बुजवून तेथे न्हाणीघरे झाली. तरी मडगावच्या फेस्ताला सुक्या सुंगटांच्या राशींपुढे बायका अजून वाकलेल्या दिसतात. चार दाणे चिमटीत घेऊन वास पाहतात, भावाची घासाघीस करतात आणि घरच्या माणसांची बोटांवर मोजणी करून मग माप सांगतात.