परळ: गाठीपासून नोंदवहीपर्यंत

धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी काचत राहिली, तर तिथल्या कातडीला कर्करोग होऊ शकतो. तंबाखू-चुना खालच्या ओठात धरून ठेवायची सवय असेल, तर रोग तिथंच उठू शकतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्यबाईंसोबत १९४५ साली हे मांडलं. आदल्याच वर्षी त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. रुग्णालयाचं उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ चं. गिरण्यांच्या परळात इतक्या थोड्या अवधीत एवढं बारीक काम उभं राहिलं, याचं आजही नवल वाटतं.

१९५२ मध्ये खानोलकरांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं. तिथं त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली.

या सगळ्या कामाचा रोख रोग का होतो, याकडे होता. रुग्णाच्या घरच्यांचा प्रश्न वेगळा: आता पुढं काय? त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखालच्या एकट्या काचपट्टीवर मिळत नाही. रुग्ण घरी गेल्यावर त्याचं काय झालं, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. ठरावीक लोकसंख्येतला प्रत्येक रुग्ण टिपणारी देशातली ही पहिली नोंदणी. रुग्णालयांचे कागद चाळायचे, महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ते ताडायचे, एकच नाव दोनदा आलं नाही ना ते पाहायचं. हे काम कंटाळवाणं खरं, पण प्रयोगशाळेतल्या शोधाइतकाच मान त्यालाही मिळायला हवा.

प्रयोगशाळेत रोगाच्या खुणाही शोधल्या जात होत्या. त्याच १९६३ साली मॉस्कोत गारी आबेलेव यांना यकृताची गाठ झालेल्या उंदरांत अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन सापडलं. पुढच्याच वर्षी तातारिनोव यांनी ते यकृताचा कर्करोग झालेल्या माणसांच्या रक्तात दाखवलं. यकृताच्या कर्करोगात ही तपासणी आजही होते. आता त्याच रोगासाठी पेशीतल्या क्लोराइडची ये-जा सांभाळणारी प्रथिनं तपासली जात आहेत. त्यांतलं एक ‘क्लिक-१’. गाठीत ते जास्त आढळलं, तर रुग्णाची पुढची वाटचाल बिकट असते, असं काही अभ्यासांत दिसलं. रोजच्या उपचारात मात्र ते अजून आलेलं नाही.

मुंबईत ते वापरायचं, तर इथल्याच रुग्णांवर पारखावं लागेल. कारण कुणाचं यकृत हेपटायटिस बी किंवा सी ने पोखरलेलं असतं, कुणाचं दारूने, कुणाचं साचलेल्या चरबीने. जतन केलेल्या गाठीचा तुकडा आणि त्या माणसाचं पुढं काय झालं याची नोंद, दोन्ही हाताशी असल्याशिवाय ही पारख होत नाही.