समझ के दे दो

नागपूर स्टेशनच्या बाहेर सायकलरिक्षांची रांग असायची, तेव्हाची गोष्ट. मोमिनपुऱ्याचे किती घेणार असं विचारलं की बहुतेक रिक्षावाले आकडा सांगायचे आणि मग घासाघीस सुरू व्हायची. पण एखादा म्हातारा, तोंडओळखीचा चाचा गमछाने घाम पुसत म्हणायचा, "समझ के दे दो, बेटा." हे ऐकलं की मला धडकी भरायची. दहा रुपये द्यावेत की बारा? आठ दिले तर तो काही बोलणार नाही हे ठाऊक होतं, आणि तो बोलणार नाही याचीच भीती होती. अब्बा म्हणायचे, जो भाव सांगत नाही तोच सगळ्यात महाग पडतो.

आज मला लिहायचं आहे व्हिडिओ गेमबद्दल. मास्तर बिघडले काय, असं काही वाचकांना वाटेल. वर्गात मोबाइल जप्त करणारा माणूस मी. पण हा विषय खेळांचा कमी आणि त्या रिक्षावाल्या चाचांचा जास्त आहे.

मे २०१० मध्ये अमेरिकेतल्या वुल्फायर गेम्स नावाच्या एका छोट्या कंपनीने एक गठ्ठा विकायला काढला. नाव ठेवलं हम्बल इंडी बंडल. इंडी म्हणजे मोठ्या प्रकाशकाच्या पैशाशिवाय दोन-चार जणांनी मिळून तयार केलेला स्वतंत्र खेळ. गठ्ठ्यात असे पाच खेळ होते: वर्ल्ड ऑफ गू, अक्वेरिया, गिश, लुगारू आणि पेनंब्रा. सहावा, सामोरोस्ट २, विक्री चालू असताना आला. सुटे घेतले तर ऐंशी डॉलरच्या आसपास गेले असते. इथे किंमतच लिहिलेली नव्हती. वाटेल ते द्या, एक सेंट दिला तरी खेळ तुमचे. एकदा विकत घेतलेला खेळ कितीही संगणकांवर टाका, कुलूप नाही. वर आणखी एक गंमत होती. पडद्यावर सरकत्या पट्ट्या दिल्या होत्या. आपण दिलेल्या पैशांतले किती खेळ करणाऱ्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना जावेत, हे गिऱ्हाइकाने स्वतः ठरवायचं. त्या वेळी संस्था दोन होत्या: आजारी मुलांना रुग्णालयात खेळ आणि खेळणी पुरवणारी चाइल्ड्स प्ले आणि इंटरनेटवरच्या नागरी हक्कांसाठी कोर्टात लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन.

कल्पना अगदी नवी नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडने आपला अल्बम असाच वाटेल त्या किमतीला इंटरनेटवर ठेवला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये वर्ल्ड ऑफ गूच्या निर्मात्यांनी खेळाच्या पहिल्या वाढदिवसाला तोच प्रयोग केला. पहिल्या आठवड्यात सत्तावन्न हजारांच्या आसपास लोकांनी खेळ घेतला, सरासरी पडली दोन डॉलरच्या जरा वर. सर्वांत जास्त लोकांनी निवडलेली रक्कम कोणती? एक सेंट. पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं शुल्कच त्याहून जास्त, म्हणजे देणाऱ्याने दिलं आणि घेणाऱ्याला काही पोचलं नाही.

असं असूनही हम्बलच्या पहिल्या गठ्ठ्याने सुमारे पावणेतेरा लाख डॉलर गोळा केले. घेणारे १ लाख ३८ हजारांवर, सरासरी नऊ डॉलरच्या थोडी वर. दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर त्यातल्या चार खेळांच्या निर्मात्यांनी आपल्या खेळाची मूळ संहिताच खुली करायचं जाहीर केलं. मला मात्र यातला सर्वांत बोलका आकडा वेगळा वाटतो. विक्रेत्यांनी संगणकप्रणालीप्रमाणे सरासरी जाहीर केली होती. विंडोजवाले आठ डॉलरच्या आसपास देत होते, मॅकवाले दहाच्या, आणि जी प्रणाली मुळात फुकट मिळते ती लिनक्स वापरणारे चौदाच्या आसपास! जे फुकटचं वापरतात तेच सगळ्यात जास्त देत होते. याचं कारण फार खोल नाही. लिनक्ससाठी तेव्हा खेळ निघतच नसत, कोणीतरी आपल्याला विचारलं याचाच त्यांना आनंद. शिवाय सरासरी तिथेच पडद्यावर दिसत होती. आपली जमात बाकीच्यांपेक्षा जास्त देते हे दाखवायची हौस कोणाला नसते? उर्सात चादरीबरोबर देणाऱ्याचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं जातं तेव्हा जे होतं, तेच इथे झालं. जास्त देणाऱ्यांची यादीही विक्रेते लावत होते.

आता दुसरी बाजू. एक सेंटला मिळणारी वस्तूसुद्धा लोकांनी चोरली. वुल्फायरने स्वतःच अंदाज सांगितला की उतरवून घेतलेल्या प्रतींपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रती पैसे न देता, दुसऱ्याच्या दुव्यावरून गेल्या असाव्यात. त्यांनी कुलूप लावलं नाही, रागावलेही नाहीत. काहींना पैसे पाठवायची सोयच नसेल, असंही त्यांनी लिहिलं होतं.

हे वाचताना मला माझा भाचा आठवतो. २०१० साली तो इंजिनिअरिंगला होता आणि मी नुकताच शिक्षणसेवक लागलो होतो. तो घरी आला आणि म्हणाला, "मामू, एक डॉलर द्यायचा आहे. कसा देऊ?" एक डॉलर तेव्हा पंचेचाळीस रुपयांना होता. रुपये खिशात होते, डॉलर नव्हते. क्रेडिट कार्ड आमच्या खानदानात कोणाकडे नव्हतं आणि बँकेच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद. त्याच वर्षी फेब्रुवारीत पेपालने भारतातले व्यक्ती-व्यक्तींमधले व्यवहार थांबवल्याने वेगळा गोंधळ चालू होता. आठवडाभर धडपडून त्याने शेवटी होस्टेलमधल्या एका मित्राच्या पेन ड्राइव्हमधून खेळ घेतले. त्या चौथ्या हिश्श्यात एक प्रत आमच्या घरची आहे.

पण मी त्याच्या कार्डाच्या अडचणीआड लपणार नाही. त्या काळात मी स्वतः काय करत होतो? उर्दूच्या प्रश्नपत्रिका इनपेजवर टाइप करत होतो. उर्दूवाल्या वाचकांना सांगायला नको. इतर वाचकांसाठी एवढंच की नस्तालीक ही आपली तिरकी, एकावर एक चढणारी लिपी छापखान्यात बसत नव्हती म्हणून वर्तमानपत्रंसुद्धा कातिबांकडून हाताने लिहून घेतली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरं रेखाटून नूरी नस्तालीक सिद्ध केलं आणि १९८१ मध्ये लाहोरचं 'जंग' त्यात निघालं. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने इनपेज काढलं आणि ते अक्षर साध्या संगणकावर आलं. तेव्हापासून मी ज्या ज्या संगणकावर उर्दू टाइप केलं, त्यातल्या एकावरही विकत घेतलेलं इनपेज नव्हतं. सीडी हातोहात यायची, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं. मराठीच्या कामासाठी पुण्याची श्रीलिपी होती. तिला मागे कुलूप लावावं लागायचं, म्हणून ज्याच्याकडे ती होती त्याच्याच दुकानात जाऊन पैसे देऊन टाइप करून घ्यायचं. म्हणजे कुलूप होतं तिथे पैसे दिले, कुलूप नव्हतं तिथे दिले नाहीत. मुलांना मूल्यशिक्षणाचा तास घेणारा माणूस मी.

नेमकं याच विषयावर जुलै २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. अमेरिकेतल्या एका करमणूक उद्यानात पाळण्यात बसलेल्यांचे फोटो काढून विकत. लाखाहून अधिक लोकांवर हा प्रयोग झाला. ठरलेली किंमत सुमारे तेरा डॉलर असताना दोनशेत एकाने फोटो घेतला. वाटेल ते द्या म्हटल्यावर आठ टक्क्यांवर लोकांनी घेतला, पण सरासरी एक डॉलरही दिला नाही. मग तिसरा प्रकार: वाटेल ते द्या, पण अर्धे पैसे धर्मादाय संस्थेला जातील. घेणारे जवळजवळ निम्म्यावर आले आणि सरासरी पाच डॉलरच्या वर गेली! संशोधकांना यातली गळती महत्त्वाची वाटली, मलाही वाटते. फुकटात घेता येत असताना इतके लोक हात आखडून का निघून गेले? चांगल्या कामाला चार आणे देताना आपण स्वतःच्या नजरेत कसे दिसू, याची त्यांना लाज वाटली. कमी देण्यापेक्षा न घेतलेलं बरं. स्टेशनबाहेर "समझ के दे दो" म्हणणाऱ्या चाचाला टाळून मी अनेकदा पायी गेलो आहे, ते याच कारणाने.

पुढे हम्बलवालेही दुनियादारी शिकले. डिसेंबर २०१० च्या दुसऱ्या गठ्ठ्यात सरासरीपेक्षा जास्त देणाऱ्याला जादा खेळ मिळू लागले. म्हणजे प्रत्येक देणारा पुढच्यासाठी पायरी उंच करणार. जून २०१२ च्या पाचव्या गठ्ठ्याने पन्नास लाख डॉलरचा आकडा ओलांडला. मधल्या काळात एक-एक सेंट देऊन चाव्यांचे ढीग जमवणारे निघाले, म्हणून स्टीम या दुकानाच्या चाव्यांसाठी किमान एक डॉलर ठरला. २०१७ मध्ये आयजीएनने कंपनी विकत घेतली. २०२१ मध्ये त्या सरकत्या पट्ट्याच काढायचं जाहीर झालं, लोक संतापले, निर्णय मागे घेतला गेला आणि मग त्याच वर्षी कंपनीने आपला किमान वाटा ठरवून टाकला. मनमर्जीला दरवर्षी एक कुंपण. मला याचा फार राग येत नाही. आपल्याकडे सदक्याला रक्कम नाही पण जकातीला अडीच टक्के आहेत, ते उगाच नाहीत. माणसाच्या खुशीवर सगळं सोडलं तर एक सेंटवाले किती, हे आपण पाहिलंच.

आपल्याकडच्या निर्मात्यांचं काय झालं तेही सांगतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' नावाचा खेळ करायला घेतला. प्राचीन भारतातली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधते, अशी गोष्ट. २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, आणि तिथला नियम असा की उद्दिष्ट चुकलं तर एक पैसाही मिळत नाही. सहसंस्थापिका श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. खेळ २०२० मध्ये निघाला आणि जगभर नावाजला गेला. खेळ बनवणाऱ्याच्या घराचा दरवाजा कुठे असतो, हे पेन ड्राइव्ह फिरवताना कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. एप्रिल २०२१. नागपुरात कोणी सांगावं लागत नाही. खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही, कब्रस्तानात रात्रीही माती पडत होती. रमजान लागला होता. आपल्याच शहराचे प्यारे खान, ज्यांनी लहानपण ताजबागच्या वस्तीत काढलं, स्टेशनबाहेर संत्री विकली, ऑटो चालवला आणि पुढे ट्रकांची मोठी कंपनी उभी केली, त्यांनी टँकर मिळवले, रिकामे टँकर तिप्पट भाड्याने घेतले आणि सुमारे चारशे टन ऑक्सिजन रुग्णालयांपर्यंत पोचवला. ८५ लाख रुपये खर्च झाला. प्रशासनाने पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. ही माझी रमजानची जकात आहे, म्हणाले.

त्याच मे महिन्यात हम्बलने कोविडसाठी एक गठ्ठा काढला. किमान वीस डॉलर आणि सगळी रक्कम मदतीला. ज्या संस्थांना पैसे जाणार होते त्यांत गिव्हइंडिया ही भारतातली संस्था होती. कुठल्या तरी देशातला कोणी पोरगा आपल्या खोलीत बसून राक्षस मारायचे खेळ विकत घेत होता आणि त्याचे पैसे आपल्याकडच्या सिलिंडरसाठी येत होते. पुढच्याच महिन्यात इच.आयओवर हजारावर खेळांचा आणखी एक गठ्ठा निघाला, तो पॅलेस्टाइनमधल्या अन्नमदतीसाठी. किमान पाच डॉलर, उद्दिष्ट पाच लाख. तेही बरंच ओलांडलं गेलं.

भाच्याने तो कोविडचा गठ्ठा घेतला होता. आता तो पुण्यात नोकरी करतो, कार्ड आहे. त्या दिवसांत त्याच्या अम्मीला, म्हणजे माझ्या बहिणीला, आम्ही मेयोत दाखल केलं होतं आणि तो लॉकडाउनमुळे तिकडेच अडकला होता. फोनवर मी विचारलं, तुला आता खेळ सुचतात का? तो म्हणाला, "खेळ उतरवलेच नाहीत, मामू. २०१० चे पण राहिले होते ना, ते धरून दिले." किती दिले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बहीण अकराव्या दिवशी घरी आली.

मी अलीकडे प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये करतो, फुकट मिळणाऱ्या नस्तालीक अक्षरात. इनपेजचा हिशेब अजून बाकी आहे. कोणत्या पत्त्यावर आणि किती पाठवावे, हे एकदा ठरवायला बसलो होतो. पाचशे लिहिले, खोडले, हजार लिहिले, मग कागद डायरीत ठेवून दिला. तो तिथेच आहे.