वेंगुर्ले

वेंगुर्ले : महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व अरबी समुद्रावरील एक जुने बंदर. गोव्याच्या सीमेपासून थोडे उत्तरेस, टेकड्या, माडबागा आणि मांडवी खाडी यांच्या सान्निध्यात वसलेले हे शहर आज निवांत दिसत असले, तरी हा निवांतपणा त्याच्या अंगचा नव्हे. एकेकाळी गजबजलेला व्यापार दुसरीकडे वळल्यानंतर तो येथे आला आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय तेथील वास्तूंचा अर्थ लागत नाही.

सतराव्या शतकात पूर्वेकडील व्यापारासाठी पोर्तुगीजांशी झुंजणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीला गोव्याच्या जवळ, परंतु पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर असलेले ठाणे हवे होते. विजापूरच्या आदिलशाहीच्या अनुमतीने १६३७च्या सुमारास कंपनीने वेंगुर्ल्यात वखार, म्हणजे माल साठवण्याचे व व्यवहाराचे तटबंद ठिकाण उघडले. गोव्याच्या मुखाशी महिनोन्‌महिने नाकेबंदी धरून बसलेल्या डच जहाजांना गोडे पाणी आणि तांदूळ येथून मिळे. फ्रेंच प्रवासी व रत्नव्यापारी ताव्हेर्न्ये याने या बंदराची वाखाणणी करताना नेमका याच दोन वस्तूंचा उल्लेख केला असून, वेलदोड्यांच्या व्यापारासाठीही त्याने गावाचे नाव नोंदवले आहे. डच आणि पोर्तुगीज यांच्यातील युद्ध १६६३मध्ये संपल्यावर मात्र या ठाण्याचे मुख्य प्रयोजनच उरले नाही आणि शतकाच्या अखेरीस डचांचा येथील जम मोडला.

१६५५ साली बांधलेली डच वखार अद्याप उभी आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची ही दुमजली इमारत राज्य संरक्षित स्मारक असली, तरी तिची दुरवस्था पाहून खंत वाटते. जांभा हा कोकणच्या सड्यांवर सापडणारा तांबडा, सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ असणारा हा दगड उघड्यावर हवेने टणक होतो, परंतु छप्पर गेलेल्या भिंतीत पावसाचे पाणी वर्षानुवर्षे मुरू लागले, की तिचा निभाव लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावर डचांच्या वास्तू मोजक्याच असल्याने ही वखार जपली जाणे अत्यंत अगत्याचे आहे.

पुढे सावंतवाडी संस्थानाकडे असलेले हे बंदर १८१२मध्ये इंग्रजांना मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीमार्गे बेळगावला जाणारा घाटरस्ता तयार झाला, तेव्हा देशावरील मालाला आणि बेळगावच्या लष्करी छावणीला समुद्राचे दार वेंगुर्ल्यातच उघडे. १८८८मध्ये मुरगाव बंदर घाटावरील रेल्वेशी जोडले गेले आणि बैलगाड्यांचे तांडे घाट उतरेनासे झाले. दीपगृह, टेकडीवरील बंगला, बाजारपेठ आणि अमेरिकन मिशनचे रुग्णालय हा त्या काळाचा मागे राहिलेला ठेवा होय. वैद्यकीय मिशनरी दांपत्याच्या पोटी १९१९मध्ये येथे जन्मलेले रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष व भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्मही वेंगुर्ल्याचाच (१९२९).

बंदर मागे पडले, तरी बागायतीने वेंगुर्ल्याचे नाव दूरवर नेले. कोकण कृषी विद्यापीठाच्या येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची स्थापना १९५७ची असून, काजूच्या ‘वेंगुर्ला’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकित जाती, तसेच नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आणि अतिशय पातळ कोयीचा ‘सिंधू’ हे आंबे या केंद्राची देणगी आहेत. फाल्गुन-चैत्रात आलेल्या पाहुण्याने ओल्या काजूगरांची उसळ चाखल्यावाचून परतू नये.

शहराच्या दक्षिणेस सागरेश्वर, मोचेमाड, आरवलीचे सागरतीर्थ व शिरोड्याचे वेळागर, तर उत्तरेस वायंगणी, कोंडुरा आणि निवती अशा पुळणी आहेत. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. काही पुळणींवर अजून रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेल्या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात. दोन रांगांत उभी राहिलेली माणसे टाचा वाळूत रोवून, मागे रेलून ते खेचतात आणि मधला फुगवटा काठाशी आला, की बांगडे, तारल्या वाळूवर फडफडू लागतात. मिळकतीचे वाटे ठरलेले असतात. यांत्रिक बोटींच्या मासेमारीपुढे ही सामुदायिक रीत टिकवणे रापणकारांना दिवसेंदिवस अवघड होत आहे. वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात व गावकरी त्या घरट्यांची राखण करतात. मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या रानाची, सफर घडवतो.

आरवलीचा वेतोबा हा रात्री गावभर फिरून रक्षण करतो अशी श्रद्धा असल्याने त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि त्या झिजलेल्या आढळतात, असे भाविक सांगतात. लेखक जयवंत दळवी याच गावचे. शेजारच्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तेथील शाळेत १९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर शिक्षक होते. रेडीच्या खाडीवरील यशवंतगड काही काळ पोर्तुगीजांकडे होता. वडाच्या मुळ्यांनी कवळलेले त्याचे तट सावकाश, पायी फिरून पाहण्यासारखे आहेत.

किनाऱ्यापासून सुमारे १४ किमी. आत समुद्रात ‘वेंगुर्ला रॉक्स’ हा खडकाळ बेटांचा समूह असून, त्यावर दीपगृह आहे. बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारा हा चिमणीएवढा पक्षी स्वतःच्या लाळेने घरटे भिंतीला चिकटवतो. पूर्व आशियात अशा घरट्यांचे सार महाग विकले जाते आणि त्यापायी येथील घरटी ओरबाडून नेली जात असल्याचे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी उघडकीस आल्यावर निसर्गप्रेमी संस्थांनी संरक्षणाचे काम हाती घेतले. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या पाकोळ्यांचा व येथील सुरय पक्ष्यांचा अभ्यास त्यापूर्वी अनेक दशके केला होता.

कोकण रेल्वेची कुडाळ व सावंतवाडी ही स्थानके शहराला जवळची असून, तालुक्यातील चिपी येथील विमानतळ २०२१मध्ये सुरू झाला. बेटांकडे जाणाऱ्या होड्या समुद्र शांत असतानाच सुटतात. विणीच्या दिवसांत होड्या गुहांपासून दूरच ठेवणे इष्ट असते, कारण बिथरलेल्या पाकोळ्या घरट्यातून एकदम उठल्या, तर अंडी व पिले खाली पाण्यात पडतात.